अडकलेली रिंग आणि 9 बारचा इतिहास

आजचा विषय आहे रबराची एक रिंग. कुकरची नाही, एस्प्रेसो मशीनची. कॉफीचं हँडल आपण जिथे फिरवून बसवतो, त्या ग्रुप हेडच्या खाचेत ती असते. कुकरच्या रिंगसारखीच उष्णतेने कडक होते, खाचेला चिकटून बसते आणि मग हँडलच्या कडेने पाणी गळायला लागतं. मशीन भंगारात काढायच्या आधी ही रिंग तिथे आली कुठून ते ऐका.

1884 मध्ये तुरिनच्या आंजेलो मोरिओंदोने वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पण ते एका वेळी ढीगभर कॉफी करायचं. 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेत्झेराने एकेका कपाची सोय केली. पूड छोट्या गाळणीत, गाळणी हँडलमध्ये, हँडल मशीनला. म्हणजे दर कपाला काढायचा-घालायचा जोड आला, आणि जोड आला की गळती आलीच, हे कुठलाही प्लंबर सांगेल!

तेव्हा दाब होता वाफेचा, साधारण दीड बार. आकिले गाज्जाने 1938 मध्ये वाफेविना कॉफी काढायचं पेटंट मिळवलं. मग महायुद्ध झालं. 1948 च्या सुमारास त्याचं लिव्हरवालं मशीन आलं, आणि स्प्रिंगच्या जोरावर दाब थेट 8-9 बारवर गेला. कपावरचा तो सोनेरी फेस, क्रेमा, तेव्हापासूनचा. 1961 मध्ये एर्नेस्तो वालेंतेच्या फाएमा कंपनीने ई61 आणलं, त्यात दाब द्यायला इलेक्ट्रिक पंप होता. नावातला ई म्हणजे 'एक्लिस्से', त्या वर्षीचं सूर्यग्रहण. इंजिनिअर लोक व्हर्जनला ग्रहणाचं नाव देतात, मला हे जाम आवडलं.

आता गणित करू. गाळणीचा व्यास 58 मिमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 26 चौरस सेंमी. 9 बारला त्यावर जवळपास 240 किलोंचा जोर येतो. दीड बारला तो 40 किलो होता. जोर हँडलचे दोन कान पेलतात, पण पाणी अडवायचं काम एकट्या रिंगचं, तेही सतत तापलेल्या धातूत दाबून बसलेलं असताना. ती दगड होणारच.

काढायची कशी? प्लग काढा, मशीन कोमट होऊ द्या. थोडी ऊब असली की रबर जरा नरम असतं. जाळी काढा. गाज्जा क्लासिकसारख्या मशीनवर ती मधल्या स्क्रूने बसवलेली असते, ई61 मध्ये रिंगच्याच आधाराने बसते. मग लाकडाचा बारीक स्क्रू रिंगच्या रबरात थोडासाच पिळा, पक्कड लावून सरळ खाली ओढा. नाही हलली, तर समोरच्या बाजूला दुसरा स्क्रू घाला आणि आलटून-पालटून ओढा. खोल पिळू नका, वर पितळ आहे. त्यावर ओरखडा पडला तर नवी रिंगही गळेल. तुकडे होऊन निघाली तरी चालेल, ती फेकायचीच आहे.

खाचेत कॉफीचा काळा थर असेल, तो ब्रशने नीट घासून काढा. तो राहिला तर नवी रिंग तिरकी बसते. आणि नव्या रिंगवर हँडल मधल्या रेषेच्या थोडं डावीकडेच थांबेल. पुढे रेटू नका, महिनाभरात ते हळूहळू सरकेल.