वळिवड्याची टपाल कचेरी

कोल्हापूरच्या पूर्वेस वळिवडें येथें १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारें ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत नांदली, हें आज किती कोल्हापूरकरांस ठाऊक असेल? सोव्हिएत सत्तेनें हद्दपार केलेलीं व इराणमार्गें आलेलीं हीं बहुतेक बायकामुलें. वसाहतीस चर्च होतें, शाळा होत्या, नाटकगृहही होतें; परंतु तिचा जीव गुंतला होता तो टपाल कचेरींत. कित्येकींचे पति व पुत्र पोलिश फौजेबरोबर १९४४ सालीं इटलींत लढत होते. पत्र आलें तर माणूस जिवंत! युद्ध संपलें, पण मायदेश सोव्हिएत वर्चस्वाखालीं गेला. पुष्कळांनीं इंग्लंडची वाट धरली. रिकाम्या बराकींत फाळणीनें बेघर झालेले सिंधी आले. तेंच आजचें गांधीनगर. तेथील कापडपेठेंत हिंडणाऱ्यास पोलिश पत्रांची गोष्ट सांगूनही खरी वाटत नाहीं.