पावाचा वेळ आणि पाववाल्याची झोप



२०२० सालच्या मार्च महिन्यात महामारीमुळे देशोदेशी टाळेबंदी झाली, तेव्हा एक गमतीची गोष्ट घडली. इंग्लंड-अमेरिकेतील दुकानांतून यीस्ट दिसेनासे झाले, पिठाच्या पिशव्या संपल्या, आणि ज्यांनी जन्मात कणकेला हात लावला नव्हता अशी माणसे घरच्या घरी पाव भाजू लागली. यीस्ट मिळेना म्हणून त्यांनी पीठ आणि पाणी बरणीत कालवून ठेवले, ते आपोआप आंबू दिले, आणि त्या आंबवणावर कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा पाव फुगविला. यालाच तिकडे सॉअरडो म्हणतात. पाव भाजून झाला की तो कापावयाचा, आतली जाळी दिसेल असे छायाचित्र घ्यावयाचे, आणि मोबाइलवरून साऱ्या जगाला दाखवावयाचे. टाळेबंदी उठली तरी ही हौस संपली नाही. आपल्याकडच्या शहरांतही ती रुजली आहे.

आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. त्यामुळे ही छायाचित्रे पाहताना आमचे लक्ष पावापेक्षा त्याखालच्या मजकुराकडे आधी जाते. तेथे बहुधा तासांचा हिशेब असतो. आंबवण इतके तास ठेवले, कणीक इतके तास फुगविली, मग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी भाजली, असे मोठ्या अभिमानाने लिहिलेले असते. पाव भाजणाऱ्याने आपले तास अभिमानाने मोजावेत, ही इतिहासातील नवी गोष्ट आहे. एरवी पाववाल्याचे तास मोजले जावेत म्हणून सरकारी चौकश्या, कायदे, संप आणि एक राज्यक्रांती एवढा खटाटोप करावा लागला. हा तासांचा इतिहास आज आपणापुढे मांडण्याचा विचार आहे.

आरंभी ही वस्तू काय आहे ते पाहू. आपल्या घरात दुधाला विरजण लावतात, आंबोळीचे पीठ रात्रभर झाकून ठेवतात. पावाचे आंबवण त्याच कुळातले. पिठात मुळातच असलेली रानटी यीस्ट आणि दही लावणाऱ्या जीवाणूंचे भाऊबंद ओलावा मिळताच कामाला लागतात. यीस्ट वायू सोडते, त्याने कणीक फुगते. जीवाणू आम्ल तयार करतात, त्याने आंबट चव येते आणि पाव लवकर बुरसत नाही. कोंडायुक्त पिठाला तर या आंबण्याचा विशेष उपयोग होतो. कोंड्यात फायटिक आम्ल असते व ते लोह, जस्त यांसारखी द्रव्ये धरून ठेवते. कणीक संथपणे आंबली म्हणजे ते पुष्कळसे मोडते आणि ती द्रव्ये अंगी लागतात. मात्र या सर्वाला वेळ लागतो, आणि त्या वेळात कोणीतरी जागे राहावे लागते. आमच्या विषयाची गोम येथेच आहे.

ही विद्या फार जुनी. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हिअसचा उद्रेक झाला, त्यात प्लिनी हा रोमन ग्रंथकार मरण पावला. आपल्या ग्रंथात त्याने नोंदविले आहे की लोक आदल्या दिवसाची थोडी कणीक राखून तिनेच दुसऱ्या दिवशीचा पाव फुगवितात. त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात कोळसा झालेले पाव सापडले आहेत. कालच्या कणकेचा गोळा आजच्या कणकेत घालावयाचा, ही साखळी त्यानंतर शेकडो वर्षे चालली.

घरचा एक पाव निराळा आणि शहराचा पाव निराळा. पॅरिससारख्या शहराला पहाटे ताजा पाव हवा, तर त्याची तयारी रात्री झाली पाहिजे. जुन्या पद्धतीने आंबवणाला टप्प्याटप्प्याने पीठ-पाणी द्यावे लागे. एक टप्पा चुकला की सारा घाणा बिघडे. मळण्याचे काम इतके जड की त्या मजुराचे नावच लोकांनी ‘कण्हणारा’ अशा अर्थाचे पाडले होते. १६६८ साली पॅरिसच्या वैद्यांनी बिअरच्या फेसाचे खमीर पावात घालणे अपायकारक ठरविले. १६७० साली तेथील न्यायसभेने ते जुन्या आंबवणाबरोबर वापरण्यास मोकळीक दिली. पावाने खाणाऱ्याचे पोट बिघडेल काय, यावर विद्वानांनी एवढा खल केला. मळणाऱ्याची पाठ मोडेल काय, हा प्रश्न त्या वादात कोणी काढला नाही.

तो प्रश्न निघावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लंडनच्या पाव-कारागिरांनी तक्रारी केल्या, तेव्हा ट्रेमेनहीर नावाच्या अधिकाऱ्याने चौकशी केली, आणि तिच्यातील माहिती कार्ल मार्क्सने १८६७ सालच्या आपल्या ‘भांडवल’ ग्रंथात घेतली. कारागीर रात्री अकराच्या सुमारास कामावर येई. आधी कणीक तयार करी. मग ज्या काथवटीत कणीक फुगत असे तिच्याच झाकणावर, पिठाचे एक पोते अंगाखाली व एक उशाशी घेऊन तो दोनेक तास निजे. उठल्यावर पाच तास उसंत नाही: मळणे, तोडणे, तोलणे, भट्टीत सारणे, काढणे. त्यानंतर पुष्कळांना दिवसा पाव घरोघर पोचवावे लागत.

श्रोतेहो, हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणा. खाली कणीक फुगत आहे, वर माणूस निजला आहे. कणकेला जेवढा वेळ लागेल तेवढीच त्याची झोप! १८६३ साली इंग्लंडात कायदा झाला आणि अठरा वर्षांखालील मुलांना रात्री नऊ ते पहाटे पाच कामावर ठेवण्याची बंदी झाली. मोठ्यांची रात्र मात्र मालकाकडेच राहिली.

ती रात्र परत मिळविण्याचा पहिला धीट प्रयत्न पॅरिस कम्यूनने केला. १८७१ सालच्या वसंतात पॅरिसच्या जनतेने आपले राज्य स्थापन केले. ते जेमतेम दोन महिने टिकले. शहराभोवती शत्रूचा वेढा असताना २० एप्रिल रोजी कम्यूनने फर्मान काढून पावाच्या कारखान्यांतील रात्रीचे काम बंद केले. मालक म्हणाले, गिऱ्हाइकाला सकाळी ताजा पाव मिळणार नाही. लिओ फ्रांकेल या हंगेरियन कामगार पुढाऱ्याने कारागिरांची बाजू उचलून धरली. मे महिन्याच्या अखेरीस कम्यून रक्तात बुडाले व त्याचे फर्मानही गेले. फ्रान्समध्ये रात्रीच्या भाजणीवर कायद्याने बंदी यावयास १९१९ साल उजाडले, आणि १९२५ साली जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने त्याच अर्थाचा करार संमत केला. ती बंदी नोकर आणि मालक या दोघांनाही लागू होती. नाहीतर मालकाने स्वतःच्या नावावर रात्रभर भट्टी चालविली असती.

येथे कोणी म्हणेल, कायदे कशाला? विज्ञान पुढे गेले की कष्ट आपोआप कमी होतात. आम्हांलाही तरुणपणी असे वाटे. पावाचा इतिहास वाचल्यावर तो भ्रम गेला.

१८५७ पासून पाश्चरने आंबण्याचे रहस्य उलगडले. यीस्ट वेगळे काढून, दाबून, वड्या करून विकता येऊ लागले. अमेरिकेत फ्लाइशमन बंधूंनी १८६८ च्या सुमारास सिनसिनाटीत तो धंदा उभारला. टप्प्याटप्प्याने आंबवण जोपासण्याची गरज संपली. १८७० नंतर पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या. कोंडा आणि अंकुर वेगळे काढून पांढरेशुभ्र, टिकाऊ पीठ स्वस्तात मिळू लागले. म्हणजे पावाला लागणारा वेळ घटला. कारागिराचे तास घटले काय?

त्याचे उत्तर न्यूयॉर्कच्या एका खटल्यात आहे. तेथील पाव-कारखाने पुष्कळदा चाळींच्या तळघरांत असत. न्यूयॉर्क राज्याने १८९५ साली कायदा करून पाव-कामगारांचे काम दिवसाला १० व आठवड्याला ६० तासांवर आणले. यीस्टच्या वड्या येऊन पाव शतक लोटले तरी साठ तासांची मर्यादा घालण्यासाठी कायदा लागावा, यातच सर्व आले. युटिका गावच्या लॉखनर नावाच्या मालकाला तो मोडल्याबद्दल ५० डॉलर दंड झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९०५ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदाच रद्द केला. कारण काय, तर किती तास राबावे हे मालक-नोकरांनी आपसांत ठरविण्याचे स्वातंत्र्य आहे! न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी निकालात पिठाची धूळ, भट्टीची धग आणि जाग्रण यांनी कामगारांची छाती व डोळे कसे जातात ते नमूद केले. पण ते अल्पमतात पडले. आम्हा चळवळीतल्यांना झोंबणारी गोष्ट पुढेच आहे. मालकाच्या बाजूने उभा राहिलेला हेन्री वाइझमन एकेकाळी पाव-कामगार संघटनेच्या मुखपत्राचा संपादक होता व हा कायदा व्हावा म्हणून झटला होता. पुढे त्याने स्वतःची बेकरी काढली आणि त्याचे मत पालटले. त्या न्यायालयाने करार-स्वातंत्र्याचा हा सिद्धांत सोडला तो १९३७ साली.

१९६१ साली इंग्लंडातील चॉर्लीवुड येथील संशोधन संस्थेने वेळेवर शेवटचा घाव घातला. यंत्राने कणीक अतिशय वेगाने घुसळली की ती पाच मिनिटांच्या आत तयार होते. तासन्‌तास आंबविण्याचे कारण राहत नाही. हा पाव स्वस्त झाला आणि इंग्लंडच्या हलक्या गव्हाचाही होऊ लागला. गरिबाच्या ताटात तो पोचला, हे आम्ही नाकारीत नाही. पण चव आणि संथ आंबण्याचे गुण त्यात उरले नाहीत. त्यांची आठवण पुढे ज्यांच्यापाशी फुरसत होती त्यांना प्रथम झाली. एके काळी काळा, कोंड्याचा पाव गरिबाचा आणि पांढरा श्रीमंताचा असे. आज कोंड्याचा, सावकाश आंबलेला पाव महाग दुकानात मिळतो.

आणखी एका वेळेची नोंद केली पाहिजे. घरी केलेल्या कोंड्याच्या पावाचा पुरस्कार अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम याने १८३७ सालीच ग्रंथ लिहून केला होता. बाजारचा पाव नको, तो घरच्या माउलीने करावा, असे त्याचे म्हणणे. पीठ कसे असावे, कसे आंबावे, हे त्याने बारकाईने सांगितले. त्या माउलीचे तास कोण मोजणार? कारखान्यातल्या मजुरासाठी निदान चौकशी झाली. चुलीपुढच्या बाईसाठी ती कोणत्या देशात झाली ते आम्हांला कोणी सांगावे.

आता आपल्या अंगणात येऊ. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा. गोव्यात माडाची सूर कणकेत घालून ती फुगवीत, आणि कोंड्याची पोई विकणारा पोदेर पहाटे दारात येई. तेथून हा धंदा गोवेकरांबरोबर मुंबईस आला. आपल्या लोकांनी मात्र पाव म्हणजे पायाने तुडविलेला, अशी व्युत्पत्ती लावली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य झाले आणि टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला, हे आपण जाणताच. पाव-बिस्किटाला हात कोणाचा लागला, यावर आपला समाज वर्षानुवर्षे भांडला. तो हात रात्री किती तास राबला, हे कोणी विचारले नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका शहरात भट्टीवरच्या मुलांची सभा घ्यावयास गेलो होतो. वेळ ठरली दुपारी अडीचची. गेलो तर सगळी मुले मळण्याच्या फळ्यांवर गाढ झोपलेली. अंगाखाली मैद्याची पोती. आम्ही लंडनची ती हकीकत तेव्हा वाचलेली होती. मुलांना उठविण्याचा आम्हांला धीर झाला नाही. एक तास बाहेर बसलो. सभेचे आमचे पहिले काम त्यांना झोपू देणे हेच होते.

म्हणून घरी पाव भाजून छायाचित्रे दाखविणाऱ्यांची आम्ही थट्टा करीत नाही. त्यांनी कष्टाची किंमत ओळखली आहे. रात्री कणीक फ्रीजमध्ये ठेवून ते स्वस्थ झोपतात. थंडीने आंबणे मंदावते व पाव सकाळची वाट पाहतो. जे कम्यूनला फर्मानाने साधावयाचे होते, ते त्यांच्या स्वयंपाकघरात एक यंत्र करते. तेच यंत्र बेकरीतही बसविता येते. ते बसले म्हणजे कामगाराला रात्र मिळेलच असे मात्र नाही. यीस्टने वाचविलेले तास त्याला मिळाले नाहीत. जे मिळाले ते संघटनेने मिळविले.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात निरनिराळ्या देशांच्या पाववाल्यांना एकच पीठ देऊन आंबवणे करावयास लावली होती. तरीही आंबवणे एकसारखी झाली नाहीत, आणि पाववाल्यांच्या तळहातांवर आंबवणातलेच जीवाणू मोठ्या प्रमाणात आढळले. कणीक हाताला लागते, तसा हातही कणकेत उतरतो. छायाचित्रात तो दिसत नाही, एवढेच.

आमची विनंती एवढीच. पुढच्या खेपेस आपल्या पावाच्या छायाचित्राखाली तासांचा हिशेब लिहाल, तेव्हा कोपऱ्यावरच्या बेकरीतून रोज सकाळी येणाऱ्या पावाचाही हिशेब एकदा विचारा. तो भाजणारा किती वाजता उठला, आणि मुळात झोपला होता काय?