जुन्या मोटारीचे वय कशात मोजायचे?

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटर गेले की रांजणगाव लागते. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे गाव. जवळच्या औद्योगिक वसाहतीत फियाट व टाटा यांच्या भागीदारीतला कारखाना आहे आणि 2017 पासून तेथे जीप कंपास ही मोटार तयार होते. याच शिरूर-दौंड परिसरात घोड आणि भीमा नद्यांच्या काठी उसाचे मळे पसरले आहेत. मोटार आणि ऊस यांचा एकमेकांशी काय संबंध? जुन्या, एके काळच्या उंची मोटारी हौसेने दुरुस्त करणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. त्या संबंधाचा इतिहास आपण पाहू.

महाराष्ट्रात मोटारी बनवण्याचा उद्योग उभा राहिला तो वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीमुळे. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट 1100 आणि तिचीच पद्मिनी बाहेर पडली. पुण्याकडे उंची मोटार आली ती बरीच नंतर. 1994 मध्ये मर्सिडीज-बेंझने टेल्कोशी भागीदारी केली आणि 1995 मध्ये पिंपरीला डब्ल्यू 124 या मालिकेच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. 2009 मध्ये कंपनी चाकणला गेली. म्हणजे पुण्यात जन्मलेल्या पहिल्या मर्सिडीज गाड्यांनी आता तिशी गाठली आहे.

अशी गाडी विकत घेणे फारसे अवघड नसते. जुनी झाली की तिची किंमत झपाट्याने उतरते. पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. म्हणून हौशी माणूस स्वतःच हात काळे करायला शिकतो. आणि शिकताना त्याला पहिला धडा मिळतो तो असा, की मोटारीतले लोखंड सहसा म्हातारे होत नाही. इंजिनाचा ठोकळा, क्रँक, गिअर हे भाग नीट वंगण मिळाले तर लाखो किलोमीटर चालतात. म्हातारे होते ते रबर, प्लॅस्टिक आणि तारांवरचे वेष्टण. उष्णता, प्राणवायू आणि ओझोन यांच्यामुळे रबराच्या लांब रेणुसाखळ्या तुटतात किंवा एकमेकींना जखडल्या जातात. नळी मग कडक होते, तिला चिरा पडतात. गाडी नुसती उभी असली तरी हे घडतच राहते.

दुसरा धडा इंधनाचा. गाडी तीच राहते, पण तिच्या पोटात जाणारे पेट्रोल मात्र बदलत जाते. 1921 मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांना आढळले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग किंचित मिसळले तर इंजिनाची ठोठो थांबते. शिसे विषारी असल्याचे तेव्हाही माहीत होते. 1924 मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार मरण पावले, तरीही त्याचा वापर जगभर पसरला. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगातून ते 2021 मध्ये गेले.

शिसे गेले हे उत्तमच झाले. पण शिशाच्या संयुगांचा एक पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसत असे. तापलेल्या व्हॉल्व्हचा आणि बैठकीचा धातू त्यामुळे एकमेकांना चिकटत नसे. हा थर नाहीसा झाल्यावर ओतीव लोखंडी हेडच्या जुन्या इंजिनांत बैठका झिजू लागल्या. उपाय सोपा होता: लेथवाल्याकडून बैठक कोरून घ्यायची आणि तेथे कठीण पोलादाची कडी ठोकून बसवायची. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये अशा कड्या मुळातच असतात, त्यामुळे ती इंजिने बचावली.

आता येतो ऊस. साखर कारखान्यातील मळी किंवा उसाचा रस आंबवून इथेनॉल बनते. भारतात 2003 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळणे सुरू झाले. 2022 मध्ये हे प्रमाण 10 टक्क्यांवर पोचले, 2023 मध्ये 20 टक्क्यांचे पेट्रोल विक्रीस आले आणि 2025 पर्यंत ते देशभर पसरले. परदेशी तेलावरचे अवलंबन कमी होते, ऊसकऱ्याला गिऱ्हाईक मिळते, आणि इथेनॉलचा ऑक्टेन अंकही जास्त असतो. पण जुन्या गाडीसाठी त्याचे तीन परिणाम होतात.

पहिला परिणाम पदार्थांवर होतो. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतो हे आपण पाहिलेले असते. फार जुन्या कार्बोरेटरांतले बुचाचे तरंगते भाग याच चपड्याने लेपलेले असत! काही प्रकारचे जुने रबरही इथेनॉलने फुगते. दुसरा परिणाम पाण्यामुळे. इथेनॉल हवेतली वाफ शोषते. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत पाणी वाढत गेले, की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी उतरतो आणि पत्रा तेथून गंजतो. तिसरा परिणाम हवेच्या प्रमाणाचा. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असल्याने त्याला जळायला हवा कमी लागते. इंजेक्शनच्या गाडीतील प्राणवायूमापक हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. तेथे जेट बदलावे लागते.

इथेनॉलचे प्रमाण वर्गात दाखवता येते. 100 मिलीच्या मोजपात्रात 80 मिली पेट्रोल आणि 10 मिली पाणी घ्यावे, हलवून स्थिर होऊ द्यावे. खालचा थर 10 मिलीऐवजी 25 मिलीच्या आसपास भरतो, कारण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जाते. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, उघड्या हवेत, ज्योत व ठिणगी यांपासून दूर करावा.

कायद्याच्या दृष्टीने मात्र तिशीची गाडी अधांतरी असते. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांपलीकडच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. पंधरा ते पन्नास वर्षांमधल्या गाडीला दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करावी लागते. तिचे शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5,000 वर गेले. जुनी गाडी दर किलोमीटरमागे जास्त धूर सोडते, ही तक्रार खरी आहे. नवी गाडी बनवतानाही पोलाद, वीज आणि धूर लागतोच, हेही तितकेच खरे. वर्षाला हजारभर किलोमीटर फिरणारी हौसेची गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी यांना एकच माप लावावे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मांडण्यासारखा आहे.

आम्हाला वाटते, या छंदाचे मोल गाडीच्या चकाकीत नाही. एक नळी का फुगली, याचा शोध घेताना माणूस रसायनशास्त्र, उसाचे अर्थकारण आणि शिशाचा इतिहास यांच्यापर्यंत पोचतो. वस्तू उघडून पाहता येते तोवरच हे शक्य असते. रांजणगावला आज तयार होणारी गाडी तीस वर्षांनी एखाद्या हौशी माणसाच्या दारात उभी असेल. ती त्याला उघडता यावी, एवढी सोय आपण ठेवणार आहोत का?