गिरणीच्या जमिनीतला तिसरा वाटा

मुंबईच्या गिरण्या म्हटल्या की कोकणातला, घाटावरचा कामगार आठवतो. साचेखात्यात मदनपुऱ्याचे मोमीन विणकरही होते, हे सहसा कुणी सांगत नाही. १९८२ च्या संपाने दोघांचीही रोजी नेली. मग केंद्राच्या १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने आजारी गिरणी बंद करणे सोपे केले. कापड तर भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर निघतच होते. गिरणीत आता भाव होता तो जमिनीला. ती जमीन होती सुमारे ६०० एकर.

मार्च १९९१ मध्ये, उदारीकरणाच्या चार महिने आधी, विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्या ५८ व्या नियमाचा हिशेब साधा होता: जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. मालकांना हा सौदा पटला नाही. बहुतेक गिरण्या तशाच पडून राहिल्या.

दरम्यान दिल्लीचे धोरण पालटले होते. सरकारने स्वतः घरे बांधायची नाहीत, बांधणाऱ्याला वाट करून द्यायची, हे १९९८ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण धोरणात स्पष्टच झाले. म्हणजे गरिबाचे घर बिल्डरच्या नफ्यातून निघणार. मग नफा आटू नये याची काळजीही सरकारनेच घ्यायची!

२००१ मध्ये ५८ वा नियम बदलला. वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची. जिथे शेड उभी आहे ती जागा, शेड पाडली तरी, मालकाचीच. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? बहुतेक जमीन शेडखालीच. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सरकारी मालकानेच, मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन डीएलएफला ७०२ कोटींना विकली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप न्यायालयात गेला, उच्च न्यायालयात जिंकलाही. पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चीच वाटणी कायम ठेवली.

म्हाडाच्या वाट्याला तुकडे आले. त्यांवरच्या ६,९२५ घरांची सोडत २०१२ मध्ये निघाली, प्रत्येक घर २२५ चौरस फुटांचे. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास, आणि अनेक अर्जांवर सही कामगाराच्या विधवेची किंवा मुलाची होती.