नलिकाजन्य जंतुसंसर्गाचा प्रतिबंध : परिचारिकेच्या शब्दाचा अधिकार

मानेतील, छातीच्या वरच्या भागातील किंवा जांघेतील मोठ्या शिरेतून हृदयाजवळ पोहोचविलेली नलिका ही अतिदक्षता विभागातील नित्याची वस्तू होय. तीतून औषधे थेट मोठ्या रक्तप्रवाहात सोडता येतात. परंतु त्याच वाटेने त्वचेवरील जंतूही रक्तात शिरतात. हा संसर्ग टाळण्याचे उपाय ठाऊक असूनही ते नियमाने अमलात का येत नव्हते, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नसून भाषाव्यवहाराचाही आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या नलिकेचा इतिहास १९२९ पासून सांगण्याची प्रथा आहे. त्या वर्षी जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी वरिष्ठांची मनाई मोडून स्वतःच्या हाताच्या शिरेतून नलिका हृदयापर्यंत नेली. त्यांच्याच कथनानुसार, प्रयोग आपल्यावर होणार अशी परिचारिकेची समजूत करून देऊन त्यांनी तिला टेबलाला बांधून ठेवले होते. १९५६ साली कूर्नां व रिचर्ड्‌स यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी, १९५३ साली, स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी लवचीक तारेच्या आधाराने नलिका सरकविण्याची सुलभ रीत प्रसिद्ध केली होती.

प्रतिबंधाचे मूलतत्त्व तर याहून जुने आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेले मातांचे मृत्युप्रमाण जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आले. तथापि समकालीन वैद्यकाने त्यांचे म्हणणे दीर्घकाळ स्वीकारले नाही. ज्ञान आणि आचार यांतील हेच अंतर दीडशे वर्षांनंतर पुन्हा दिसून आले.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच गोष्टींवर भर दिला : हात धुणे, मास्क, टोपी, निर्जंतुक झगा व हातमोजे घालून रुग्णास निर्जंतुक चादरीने पूर्ण झाकणे, क्लोरहेक्झिडिनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे, आणि अनावश्यक नलिका काढून टाकणे. यांत नवीन काहीच नव्हते. तरीही परिचारिकांच्या निरीक्षणात केवळ ६२ टक्के वेळा नियमांचे पूर्ण पालन झाल्याचे आढळले. मग आवश्यक साहित्य एकाच गाड्यावर ठेवण्यात आले, नलिका आज काढता येईल काय असे डॉक्टरांना रोज विचारले जाऊ लागले आणि नियमभंग दिसताच काम थांबविण्याचा अधिकार परिचारिकांस मिळाला. १९९८ च्या आरंभी दर हजार नलिका-दिवसांमागे ११.३ असलेले संसर्गाचे प्रमाण २००२ च्या अखेरच्या तिमाहीत शून्यावर आले.

ऑस्टिन यांनी दाखविल्याप्रमाणे काही उद्गार हे कृतीच असतात. मात्र बोलणाऱ्यास तो अधिकार मान्य असावा लागतो. ‘थांबा’ हा शब्द परिचारिकेस पूर्वीही ठाऊक होता. पण तिच्या तोंडी तो फार तर विनंती ठरे, आज्ञा ठरत नसे. रुग्णालयाने तिच्या पाठीशी उभे राहण्याचे जाहीर केले, तेव्हाच त्या शब्दास कृतीचे बळ आले.

हा प्रयोग पुढे मिशिगन राज्यात विस्तारला. १०३ विभागांच्या माहितीवर आधारलेला वृत्तांत २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार संसर्गाचे सरासरी प्रमाण हजारी ७.७ वरून सोळा ते अठरा महिन्यांत १.४ पर्यंत उतरले. इंग्लंडमध्ये २००९ ते २०११ या काळात हीच योजना राबविली असता प्रौढांच्या विभागांत ते ३.७ वरून १.४८ झाले, परंतु योजनेत अद्याप सामील न झालेल्या विभागांतही तशीच घट दिसली. यास्तव सर्व श्रेय एकट्या यादीस देता येणार नाही.

यादी कोठेही छापून घेता येते. तिच्या आधारे कनिष्ठाने वरिष्ठास थांबविले असता वरिष्ठ थांबतो की नाही, यावर तिचे मोल ठरते. रुग्ण बहुधा बेशुद्ध असतो. त्याच्या वतीने उच्चारला जाणारा शब्द वाया जाऊ न देणे, हाही प्रतिबंधाचाच भाग मानला पाहिजे.