भिंतीवरच्या चित्राखाली नाव कुणाचे?



आपल्या प्रत्येकीच्या घरात भिंतीवर एखादी तसबीर असतेच. कुठे दत्त, कुठे लक्ष्मी, कुठे रामपंचायतन. रोज आपण हात जोडतो. पण हे चित्र काढले कुणी, ते आपल्या घरापर्यंत आले कसे, हे विचारायचे राहून जाते. आज त्याचाच इतिहास आम्ही सांगणार आहोत.

त्याला कारणही आहे. आपल्या गटांतल्या बायकांच्या मुली शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा देतात. त्यांतली एखादी पुढे पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात जाते. तिथे ती छापचित्रे करायला शिकते, स्पर्धांसाठी चित्रे पाठवते. मग आई आम्हाला विचारते, "ताई, हे खेळ करून पोट भरेल का?"

आधी छापचित्र म्हणजे काय ते पाहू. मोदकाचा साचा आपल्याला माहीत आहे, रांगोळीचा छापा माहीत आहे. पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूचे ठसे उमटवतात, तेही माहीत आहे. तत्त्व तेच. मुलगी लिनो नावाच्या रबरासारख्या जाड तुकड्यावर चित्र काढते आणि बारीक पटाशीने कोरते. कोरलेला भाग कोरा राहतो. उरलेल्या भागावर रुळाने शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचा. अक्षरे मात्र उलटी कोरावी लागतात, तरच ती सुलटी उमटतात. वीस प्रती काढल्या तर तिसरीच्या खाली पेन्सिलीने ३/२० असा आकडा घालायचा आणि शेजारी सही करायची.

स्पर्धेत बहुधा विषय दिलेला असतो. समजा, विषय आला 'पाणी'. एखादी मुलगी नळावरची रांग काढते, पण रांगेत बायका नाहीतच! हंड्यांनाच पाय फुटलेत आणि कळशी घागरीशी भांडते आहे. बघणारा आधी हसतो आणि मग त्याला आपल्या गावचा नळ आठवतो. गंमतीतून खरे बोलायचे, हे आपल्या भारुडानेही केलेच आहे.

पुण्याला ही विद्या नवी नाही. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील पुण्यात राहत होता. त्याच्यासाठी गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा पुण्याचा कलावंत चित्रे काढी. पेशव्यांनी पाळलेल्या जनावरांत एक गेंडा होता. नोव्हेंबर १७९० मधले गंगारामने काढलेले त्या गेंड्याचे चित्र आजही आहे, पण ते पुण्यात नाही, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गंगारामने वेरूळच्या लेण्यांचीही चित्रे काढली. मॅलेटने वेरूळवर लेख लिहिला, त्यात गंगारामचा उल्लेख केला. त्या एका उल्लेखाचा केवढा उपयोग झाला पाहा. चित्रे परदेशात गेली, तरी ती कुणाची हे आज आपण सांगू शकतो.

त्याच काळातली दुसरी गोष्ट. नाना फडणवीसांनी भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापायचे मनावर घेतले. ते काम त्यांनी पुण्यातल्या एका तांबट कारागिराकडे सोपवले. १८०० साली नाना वारले आणि काम अर्धे राहिले. मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्या कारागिराला आश्रय दिला आणि १८०५ मध्ये मिरजेत गीता छापून झाली. ही गोष्ट सांगताना लोक नानांचे नाव घेतात, पटवर्धनांचे घेतात. कोरणारा मात्र 'एक तांबट' म्हणूनच येतो. हंडे-घंगाळी घडवणाऱ्या जमातीतला तो माणूस. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आजही आहे.

पुढे १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा सुरू केली. तिथे दगडावरून चित्रे छापत. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि दगड पाण्याने ओला करायचा. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, म्हणून तेलकट शाई फक्त चित्रावर बसते. जितके रंग, तितके दगड. नाना फडणवीसांचे चित्र तिथे छापले गेले. रामपंचायतनाचे चित्र तर घरोघर गेले. पूर्वी रंगीत चित्र सरदाराच्या वाड्यात असायचे, ते आता गरिबाच्या झोपडीतही आले. ही फार मोठी गोष्ट झाली. पण चित्राखाली छापखान्याचे नाव असे. दगडावर हात चालवणाऱ्याचे नाव पाहणाऱ्याला कळत नसे.

अशा वेळी स्पर्धांनी एक चांगले काम केले. १८८८ मध्ये मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. तिच्या प्रदर्शनात चित्रे मांडली जात आणि बक्षिसे चित्रकाराच्या नावाने दिली जात. कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. १८९५ मध्ये त्यांना सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढे त्यांनी पुस्तकांसाठी आणि रेल्वेच्या जाहिरातींसाठी चित्रे केली. आपल्यासारख्या घरच्या, बाजारातल्या, सणाच्या बायका त्यांनी पुष्कळ रंगवल्या. छापलेल्या चित्रांमुळे त्यांचे काम लांबवर पोहोचले, आणि नावही बरोबर गेले.

म्हणून त्या आईला आम्ही सांगतो की मुलीला खुशाल शिकू द्या. पण तिला कागद वाचायलाही शिकवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा हक्क मुळात काढणाऱ्याचा असतो. मात्र कुणी पैसे देऊन चित्र किंवा छापाचा ठसा करून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. तरीही 'हे चित्र माझे आहे' असे म्हणण्याचा अधिकार काढणाऱ्याकडेच राहतो. स्पर्धेत भाग घेतानाही नियम नीट वाचावेत. जिंकले नाही तरी चित्र आयोजक वापरणार का? नाव छापणार का? मूळ ठसा परत मिळणार का? हे आधी विचारण्यात लाजायचे काही नाही.

हेच आपल्या गटांनाही लागू आहे. पापडाच्या, मसाल्याच्या पाकिटावरचे चित्र आपण गावातल्याच एखाद्या मुलीकडून काढून घेतो, चहा पाजतो आणि विसरतो. यापुढे असे करू नका. तिला मोबदला द्या, ठरलेले दोन ओळींत लिहून ठेवा आणि पाकिटाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिचे नाव घाला. त्याला शाई जास्त लागत नाही.

येत्या बैठकीत आपल्या गटाचे पाकीट हातात घ्या आणि त्यावरचे चित्र कुणी काढले ते एकमेकींना विचारा. उत्तर मिळाले की गटाच्या वहीत तिचे नाव लिहा.