मुक्तांबेचे गाव : ओरत्तनाड

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाड हे गाव लागते. नारळीच्या बागा, भातखाचरे आणि कालव्याचे पाणी पाहून ते कावेरीकाठच्या पुरातन हिरव्या गावांपैकीच एक वाटते. ही हिरवाई मात्र अर्वाचीन आहे. मेट्टूर धरणाच्या योजनेतील कल्लणै कालवा १९३४ साली वाहता झाला. तोवर हा दक्षिणेकडील उंचवट्याचा प्रदेश कावेरीच्या पाटांना पारखाच होता. त्यापूर्वी गावाला नाव मिळवून दिले ते एका छत्राने.

तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर ठिकठिकाणी छत्रे बांधली आणि त्यांतील अनेकांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे दिली. ओरत्तनाडचे छत्र दुसऱ्या सरफोजीने (कारकीर्द १७९८–१८३२) एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या दिवंगत प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ उभारले. त्यावरून गावालाही मुक्ताम्बाळपुरम हे नाव मिळाले.

१७९९च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. छत्रेही हातची जातील या चिंतेने सरफोजीने १८०१ मध्ये रेसिडेंट टॉरिन यास पत्र लिहिले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत कोणालाही छत्रात अन्न मिळते. मध्यरात्री घंटा वाजवून राहिलेल्यांना बोलावतात. आजाऱ्यास वैद्य, पोरक्या मुलांस दूध आणि वाटेत मरण पावलेल्यास त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार मिळतात, असे त्यात सविस्तर सांगितले आहे. सत्ता गमावलेल्या राजाने राजधर्माचा एवढा एक अंश आपल्याकडे राहू द्यावा, अशी ती विनवणी होती. छत्रांची व्यवस्था त्याच्याकडे राहिली.

मुक्तांबा छत्रात अन्नदानाला विद्यादानाची जोड मिळाली. वेदशास्त्रांबरोबर देशी भाषा व इंग्रजी शिकविणारी शाळा तेथे चालू झाली. कोरीव लाकडी खांबांची ही वास्तू वाटसरूंप्रमाणेच विद्यार्थ्यांचेही आश्रयस्थान झाली.

१८५५ साली शेवटचा राजा शिवाजी निपुत्रिक वारला आणि संस्थान खालसा झाले. पुढे छत्रे सरकारी व्यवस्थेत गेली. रेल्वेने यात्रेची वाट बदलली, पायी जाणारे विरळ झाले आणि वास्तूचा मूळ उपयोग मागे पडला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळाने या तालुक्यातील असंख्य नारळी एका रात्रीत आडव्या केल्या. कालव्याने दिलेली हिरवाई अशी नाजूक ठरली. मोडी दफ्तरांतील छत्राचे हिशेब मात्र शिल्लक आहेत. या गावात कोणास काय दिले जात असे, याची साक्ष ते मराठीतून देतात.